विक्रमवीर आणि उत्पादनसाधन

मोटार-शर्यतीतील वर्चस्व हे चालकाच्या अलौकिक प्रतिभेचे फळ होय, हा समज मोठ्या हौसेने जोपासला जातो. फॉर्म्युला वनमध्ये मर्सिडीजने २०१४ ते २०२१ सलग आठ वेळा संघ-विजेतेपद मिळविले; २०२३ साली रेड बुलने २२ पैकी २१ शर्यती जिंकल्या. प्रतिभा काय एकाच कारखान्यात वस्तीला येते?

जॉर्ज रसेलचे उदाहरण पाहावे. विल्यम्सच्या दुबळ्या गाडीत जवळजवळ दोन हंगाम त्याला एकही गुण मिळाला नव्हता. डिसेंबर २०२० मध्ये हॅमिल्टनला कोविड झाल्यामुळे तो मर्सिडीजमध्ये बसला आणि बाहरीनमधील शर्यतीत आघाडीवर धावू लागला. माणूस तोच, बदलले ते उत्पादनसाधन.

२०२१ पासून संघांच्या खर्चावर मर्यादा आली खरी. परंतु चालकांची गडगंज वेतने तिच्यातून वगळली गेली. पहिल्याच वर्षी रेड बुलने ती मर्यादा ओलांडली. शिक्षा म्हणून ७० लाख डॉलरचा दंड व चाचण्यांत कपात झाली. त्या वर्षीचे चालक-अजिंक्यपद मात्र व्हेर्स्टापेनकडेच राहिले. धनवंताला दंड म्हणजे केवळ प्रवेशशुल्क!

खुल्या स्पर्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढेच सांगावे: साधने विषम असता गुणवत्ता मोजायची कोणत्या मापाने?