भरीत-पुरी आणि मालगाडी

परवा मुंबईत सीएसएमटीला 'रेस्टॉरंट ऑन व्हील्स'मध्ये जेवलो. 2021 मध्ये सुरू झालंय, जुन्या डब्यात. झकास आहे, पण डबा जागचा हलेल तर शपथ!

लहानपणी वरणगाव स्टेशनवर आम्ही घरची भरीत-पुरी खात दीपनगरच्या कोळशाच्या मालगाडीचे डबे मोजायचो. अठ्ठावन्न भरले की जिंकलो.

म्हणून वाटतं, डबे कसले सजवता, जुनी स्टेशनं वाचवा. आमची पाचोरा-जामनेर नॅरोगेज, लाडकी 'पीजे', 2020 मध्ये थांबली. आता ब्रॉडगेज होणार, व्हायलाच हवी. पण तिचं एखादं चिमुकलं स्टेशन पाडू नका. तिथे भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा मिळू द्या. शेजारून नवी गाडी धडधडत जाईलच!

आईला सांगितलं. म्हणाली, "भरीत खायला स्टेशनवर कशाला? घरी मिळत नाही का?"