उसन्या सुरांचा हिशेब

राष्ट्राचा ठेवा म्हणून जपायच्या ध्वनिमुद्रणांची एक यादी अमेरिकेची ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’ दरवर्षी करते. २०१० सालच्या यादीत एका हिप हॉप अल्बमचा समावेश झाला. डे ला सोल या त्रिकुटाचा ‘थ्री फीट हाय अँड रायझिंग’ हा तो अल्बम, १९८९ सालचा. गंमत अशी की, राष्ट्राने ज्याला ठेवा मानले तो अल्बम त्या देशातल्या मुलांना इंटरनेटवर रीतसर विकत घेता येत नव्हता की ऐकता येत नव्हता. ही स्थिती थेट २०२३ पर्यंत टिकली. दागिना तिजोरीत मानाने ठेवायचा, पण लेकीसुनांनी घालायचा नाही, असला हा प्रकार. तो का घडला हे समजून घेण्यासारखे आहे. त्यात संगीत आहे तसा देण्याघेण्याचा व्यवहारही आहे, आणि ज्याची हयात कर्जखाती तपासण्यात गेली त्याला हा व्यवहार जरा अधिकच बोलका वाटतो.

केल्व्हिन मर्सर, डेव्हिड जोलिकूर आणि व्हिन्सेंट मेसन ही न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरील अॅमिटीव्हिल गावची तीन कृष्णवर्णीय मुले. अल्बम निघाला तेव्हा तिघेही विशीच्या आसपास. त्यांचा निर्माता प्रिन्स पॉल त्याच गावचा, त्यांच्याहून थोडासाच मोठा. हिप हॉप म्हटले की घरातली वडीलधारी मंडळी कपाळाला आठ्या घालतात. रागावलेला आवाज आणि गळ्यात सोन्याच्या जाड साखळ्या एवढेच चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे असते. या मुलांच्या अल्बमच्या वेष्टनावर मात्र झगझगीत पिवळा रंग आणि चितारलेली फुले होती. आत शब्दांच्या कोट्या, मित्रांची थट्टामस्करी आणि गाण्यांच्या मधे मधे एक खोटा खोटा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम.

आणि संगीत? ते बहुतेक सगळे उसने. जुन्या तबकडीतला दोन-चार सेकंदांचा तुकडा यंत्रात साठवायचा, हवा तसा पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर आपले शब्द म्हणायचे, याला ‘सॅम्पलिंग’ म्हणतात. आजीने जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी, तशीच ही रीत. एका गाण्यात स्टीली डॅनच्या वाद्यमेळाशेजारी ओटिस रेडिंगची शीळ आली. दुसऱ्याला आधार होता दूरचित्रवाणीवरून मुलांना गुणाकार शिकवणाऱ्या एका गाण्याचा. अल्बमचे नावसुद्धा जॉनी कॅशच्या पुराच्या गाण्यावरून बेतलेले. गोऱ्यांचे, काळ्यांचे, लहानांचे, थोरांचे सगळे संगीत या मुलांनी एकाच अंगणात खेळायला आणले. समीक्षक खूश झाले. ‘व्हिलेज व्हॉइस’ या साप्ताहिकाने समीक्षकांचा कौल घेतला, त्यात १९८९चा सर्वोत्तम अल्बम हाच ठरला.

पण गोधडीतल्या एका तुकड्याचा मालक दारात येऊन उभा राहिला. कंपनीने बऱ्याच तुकड्यांची परवानगी काढली होती. जेमतेम मिनिटभराच्या एका विनोदी तुकड्याची मात्र राहून गेली होती. त्यात फ्रेंच शिकवणाऱ्या तबकडीतले आवाज होते आणि त्यामागे साठीच्या दशकातल्या टर्टल्स या गटाचे गाणे, संथ करून वाजवलेले. टर्टल्सच्या गायकांनी दावा लावला आणि न्यायालयाबाहेर तडजोड झाली. त्यांची तक्रार गैर नव्हती. विचारल्याशिवाय दुसऱ्याची वस्तू घेतली तर मालकाला राग येणारच.

मग डिसेंबर १९९१ मध्ये बिझ मार्की या दुसऱ्या एका रॅपरविरुद्धचा निकाल आला. चोरी करू नये, या बायबलमधल्या आज्ञेनेच न्यायाधीश केविन डफी यांनी निकालपत्राची सुरुवात केली. गोधडी शिवणारा एका दिवसात चोर ठरला. त्यानंतर प्रत्येक तुकड्याची परवानगी घेणे आले आणि मालक मागेल ती किंमत मोजणे आले. शेकडो तुकड्यांचे असले अल्बम करणे कोणाच्याच खिशाला परवडेना.

डे ला सोलची खरी कोंडी पुढेच होती. परवानग्यांच्या जुन्या करारांतली भाषा तबकडी आणि कॅसेटच्या काळातली. पुढे गाणी तारेवरून घरोघर जातील, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. त्यामुळे नवे माध्यम आले, तेव्हा कंपनी त्या कागदांवर विसंबून पाऊल टाकीना. २०१४च्या फेब्रुवारीत वैतागून या मंडळींनी आपली जुनी गाणी २५ तास फुकट वाटून टाकली. पुढच्या वर्षी त्यांनी लोकवर्गणी मागितली. अकरा हजारांहून अधिक लोकांनी मिळून सहा लाख डॉलरच्या वर रक्कम दिली. त्या पैशांतून त्यांनी वादक बसवले, दोनशे तासांहून अधिक वादन मुद्रित केले आणि त्यातलेच तुकडे कापून २०१६चा अल्बम केला. शिंप्याने चिंधीसाठी स्वतःचा माग घालावा, तशी ही गत.

माझे म्हणणे एवढेच की, उसने घेतलेले परत केलेच पाहिजे, पण परतफेडीचे दर माणसाला झेपतील असे हवेत. अमेरिकेत १९०९ पासून कायदा असा आहे की, एकदा प्रसिद्ध झालेले गाणे कोणीही नव्याने गाऊन मुद्रित करावे आणि गीतकार-संगीतकाराला ठरलेला दर द्यावा. त्याची परवानगी लागत नाही. म्हणजे अख्खे गाणे ठराविक दरात मिळते आणि मुद्रणातल्या चार सेकंदांना मात्र मालक सांगेल ती किंमत! तुकड्यांनाही असा दर लावला तर मालकाला पैसे मिळतील आणि गरीब मुलांना खेळायला अंगणही उरेल. आपला सूर नको त्या गाण्यात गेला तर, ही कलावंताची भीती खरी आहे. पण आजची व्यवस्था तरी कोणत्या कलावंताला सांभाळते? जेम्स ब्राऊनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ठेका असंख्य हिप हॉप गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणाऱ्या क्लाइड स्टबलफील्डचे नाव गीतकारांत नव्हते, म्हणून त्याला त्याचा वाटा मिळाला नाही. २०१७ मध्ये तो वारला. मालकी कागदावर असते, ठेका हातात असतो. कायदा कागद तेवढा पाहतो.

२०२१ मध्ये कंपनीची मालकी बदलली, नव्या मालकांशी बोलणी झाली आणि ३ मार्च २०२३ रोजी हा अल्बम अखेर इंटरनेटवर रीतसर आला. त्याआधी एकोणीस दिवस, १२ फेब्रुवारीला, डेव्हिड जोलिकूर वयाच्या ५४व्या वर्षी गेला. हिशेब जुळायला चौतीस वर्षे लागली आणि तेवढ्यात तिघांतला एक खातेदार उठून गेला.