कापड की कातडे?



गेल्या महिन्यात आजोबांच्या कपाटातील एक जीर्ण छापील ग्रंथ बांधून घेण्यासाठी मी सावनेरहून नागपुरास नेला. बांधणी करणारा म्हणाला, “शेठजी, चामड्यात बांधू. तुमच्या नातवालाही पुरेल.” व्यवहाराच्या दृष्टीने सल्ला खोटा नव्हता, तरी मन अडखळले.

त्या वेळी मला हर्मन मेलव्हिल यांच्या ‘मोबी डिक’ या १८५१ सालच्या कादंबरीच्या एका दुर्मीळ आवृत्तीचे स्मरण झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील अ‍ॅरियन प्रेसने १९७९ साली एकेक खिळा हाताने जुळवून ती हातकागदावर छापली. प्रती अवघ्या २६५. बॅरी मोझर यांनी लाकडावर कोरलेली १०० चित्रे तीत आहेत. त्यांत जहाजे, हत्यारे, देवमासे दिसतात. प्रमुख पात्रांचे चेहरे मात्र नाहीत. ते वाचकाने स्वतःच्या मनात रेखाटावेत, हा हेतू. असा संयम आणि असे श्रम वंदनीयच होत. परंतु बांधणी बकऱ्याच्या कातड्याची! हाताचे कौशल्य कितीही थोर असो, वस्तू कशापासून झाली हा प्रश्न त्याने मिटत नाही.

हा प्रश्न आपल्याकडेही उभा राहिला होता. छपाईच्या शाईत चरबी असते, म्हणून त्या काळी अनेक धर्मनिष्ठ माणसे छापील पुस्तकास स्पर्श करीत नसत. १८३१ साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग छापणारे गणपत कृष्णाजी यांनी चरबीऐवजी तूप वापरून शाई सिद्ध केली. ग्राहकाच्या शंकेला त्यांनी वाद घालून नव्हे, तर मालातूनच उत्तर दिले. व्यापारी कुळांनी ध्यानात ठेवावा असा हा धडा आहे.

मी बांधणाऱ्यास सांगितले, “चामडे नको, सरसही नको. जाड सुती कापड, पक्की शिवण आणि मैद्याची खळ.” तो म्हणाला, “कापड लवकर झिजेल, आणि खळीला कसर लागेल.” त्याचे म्हणणे यथार्थ होते. अहिंसेचे मोल कोणाला तरी चुकते करावेच लागते. येथे ते मालकाच्या आळसाला चुकवावे लागणार होते. ग्रंथ वरचेवर उघडावा, पाने हलक्या हाताने झटकावीत, कोरड्या जागी ठेवावा, झिजलेले कापड वेळीच बदलावे.

आपल्या पेढ्यांवरील वह्या लाल कापडात आणि घरच्या पोथ्या बासनात राहिल्या. बासन सोडणारे हात होते, म्हणूनच त्या टिकल्या. येत्या श्रुतपंचमीला आपल्या घरातील एक तरी जुना ग्रंथ बाहेर काढावा. त्याचे पूजन तर करावेच. त्याआधी तो मुलांसमवेत उघडून वाचावा.