पोटातल्या जिवाणूचं नाव कळलं, पुढे काय?

शौचाच्या नमुन्याची 'मायक्रोबायोम' तपासणी करून घेतली की हातात जिवाणूंच्या लांबलचक लॅटिन नावांची यादी पडते. मग प्रश्न ठरलेला असतो, "यातला वाईट कोणता?" माझं स्पष्ट मत आहे की नुसत्या या यादीवरून औषध, पथ्य किंवा महागडी पावडर सुरू करू नका.

मुळात ही नावं देतात कशी, ते पाहा. 2014 मध्ये पुण्यातल्या संशोधकांनी 26 आणि 56 वर्षांच्या दोन निरोगी व्यक्तींच्या शौचातून एक नवा जिवाणू वेगळा केला. त्याचं नाव मेगास्फेरा इंडिका. असे जिवाणू प्राणवायूत वाढतच नाहीत, त्यामुळे त्यांना हवाबंद नळ्यांत वाढवावं लागतं. मग '16 एस' नावाचा जनुक आधीच्या ज्ञात प्रजातींशी ताडून बघतात. साम्य सुमारे 98.7 टक्क्यांहून कमी निघालं, तर प्रजाती नवी असण्याची शक्यता दाट. तेवढ्यावर भागत नाही. आकार कसा, कोणती साखर पचवतो, कोणती आम्लं तयार करतो, हे सगळं नोंदवावं लागतं. जिवंत जिवाणू दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहालयांत ठेवावा लागतो, म्हणजे कुणालाही पडताळून पाहता येतं. (आपल्याकडे बारसं याहून सोपं असतं!)

एवढ्या खटाटोपातून जिवाणू कोण आहे ते पक्कं कळतं. तो तुमच्या पोटात काय करतो, हे मात्र त्यातून कळत नाही.

क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल घ्या. 1935 मध्ये तो नवजात बाळांच्या शौचात सापडला. वाढवायला कठीण, म्हणून 'डिफिसिल'. अँटिबायोटिकनंतर होणाऱ्या मोठ्या आतड्याच्या गंभीर आजारामागे तोच आहे, हे समजायला 1970 च्या दशकाची अखेर उजाडली. 2016 मध्ये जनुकीय अभ्यासावरून त्याचं कूळ बदललं आणि तो क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल झाला. डॉक्टरांच्या तोंडी बसलेलं 'सी. डिफ' मोडू नये, म्हणून नवं नावही 'सी'वरूनच निवडलं. मला हा शहाणपणा आवडतो.

आणि आजही हा जिवाणू नुसता सापडला म्हणजे आजार झाला, असं आम्ही मानत नाही. काहींच्या आतड्यात तो गुपचूप राहतो. जुलाब होत असतील आणि त्याच्या विषाचा पुरावा मिळाला, तरच उपचाराचा विचार होतो. इतक्या बदनाम जिवाणूबाबत ही काळजी घेतो, तर यादीतल्या अनोळखी नावावर गोळ्या कशाला?

शौचातून रक्त जाणं, विनाकारण वजन घटणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा अँटिबायोटिकनंतर सुरू झालेले जुलाब, यांतलं काही असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. रिपोर्ट सोबत न्यायला हरकत नाही, पण आधी त्रास सांगा.