ताटातल्या पोळ्या मोजू नका

घरात एखादी बाई जाड असली की सगळ्यांचं लक्ष तिच्या ताटाकडे. तिसऱ्या पोळीला हात लावला की कुणीतरी म्हणतंच, "अजून एक?" हात मागे जातो. मग रात्री निजानीज झाल्यावर ओट्यापाशी उभ्यानेच चिवड्याचा डबा उघडला जातो. हे मी पाहिलंय, म्हणून कळकळीने सांगते: "जिभेवर ताबा ठेव" हे टोमणे आता थांबवा.

भुकेचा कारभार जिभेकडे नाही, मेंदूकडे आहे. पोट रिकामं झालं की जठरातून घ्रेलिन हे संप्रेरक सुटतं आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला "खा" म्हणून सांगतं. चरबीच्या पेशींतून येणारं लेप्टिन "साठा पुरेसा आहे" असं कळवतं. लेप्टिनचा शोध १९९४ साली न्यूयॉर्कमध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. ज्या उंदरांच्या अंगात ते तयारच होत नव्हतं, ते खातच सुटायचे. लेप्टिन टोचल्यावर त्यांचं खाणं कमी झालं आणि वजनही उतरलं. बहुतेक जाड माणसांच्या रक्तात मात्र लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला नीट दाद देत नाही.

म्हणूनच उपासमार करून झटपट बारीक होऊ नका. मेलबर्नच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं, की दहा आठवड्यांच्या कडक आहारानंतर बिघडलेली भुकेची संप्रेरकं वर्षभरानंतरही मूळ पदावर आली नव्हती. उतरलेलं वजन पुन्हा चढतं त्यात आळसाचा दोष नसतो. शरीर गेलेला साठा परत मागत असतं.

मग करायचं काय? आधी पुरेशी झोप घ्या. शिकागोमध्ये तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं आणि लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं. ताटात उसळ, वरण, भाजी वाढवा आणि सावकाश जेवा. पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचायला वेळ लागतो. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या वर गेली असेल, तर डॉक्टरांना दाखवा. भूक कमी करणारी औषधं ऐकीव माहितीवर घेऊ नका.

आणि घरच्यांनो, आज रात्री तिला तुमच्याबरोबर पानावर बसवा. पोळ्या मोजू नका. पोटभर, निवांत जेवू द्या. चोरून खायची वेळ तिच्यावर येऊ देऊ नका.