नभोवाणीचा नफा आणि राहुरीचा श्रोता

मुंबईत नभोवाणीचे खासगी केंद्र नफ्यात चालू शकते आणि राहुरीत चालणार नाही, यात नवल ते काय, असे आमच्या पुष्कळ वाचकांस वाटेल. जेथे गिऱ्हाईक तेथे दुकान, हा बाजाराचा साधा नियम होय. परंतु महानगरातील नभोवाणीचा हिशेब बारकाईने तपासला, तर तो नफा केवळ गिऱ्हाइकाच्या बळावर उभा नाही असे दिसून येते.

गिऱ्हाईक मुंबईत प्रथमपासूनच होते. तरीही २३ जुलै १९२७ रोजी तेथे सुरू झालेली इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी १९३० साली बुडाली. तिची मुख्य भिस्त दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यावर होती आणि परवानेधारक सबंध देशात आठ हजारांच्याही आत होते. पुढे १९५२ मध्ये नभोवाणीमंत्री डॉ. केसकर यांच्या काळात आकाशवाणीने चित्रपटगीतांकडे पाठ फिरवली, तेव्हा आपला श्रोता सिलोनच्या नभोवाणीकडे गेला आणि त्याच्यामागोमाग दंतमंजनवाल्यांच्या जाहिरातीही समुद्रापार गेल्या. (श्रोत्यांचे कान सोज्ज्वळ करण्याच्या हट्टाची एवढी किंमत दुसऱ्या कोणत्या खात्याने क्वचितच मोजली असेल!) आपल्या तिजोरीला शहाणपण सुचले ते १ नोव्हेंबर १९६७ रोजी. त्या दिवसापासून मुंबई, पुणे व नागपूर येथील विविध भारतीवर जाहिराती घेणे सुरू झाले.

खासगी केंद्रांची कथाही हेच सांगते. १९९९-२००० च्या लिलावात मुंबईच्या एका केंद्राचे वार्षिक शुल्क ९.७५ कोटी रुपयांवर गेले आणि त्यात दरसाल १५ टक्के वाढ होणार होती. उत्पन्न येवो न येवो, सरकारचा आकडा चढतच राहणार! अनेक बोलीदारांनी केंद्र सुरूच केले नाही. सुरू झालेल्यांपैकी मुंबईचे एक २००५ मध्ये बंद पडले. त्याच वर्षी सरकारने ठरावीक शुल्क सोडून एकरकमी प्रवेशशुल्क आणि एकूण उत्पन्नाच्या ४ टक्के वाटा अशी पद्धत स्वीकारली, आणि धंदा सावरला. २०१० मध्ये कॉपीराइट मंडळाने गीतांचे स्वामित्वशुल्क जाहिरात-उत्पन्नाच्या २ टक्क्यांवर आणले, तेव्हा कच्चा मालही स्वस्त झाला. शहर तेच होते, श्रोतेही तेच होते. बदलला तो सरकारी नियम.

या धंद्याचे मर्म असे की, मनोरा, प्रक्षेपक, जागा व निवेदक यांचा खर्च एक हजार श्रोत्यांसाठी जेवढा, जवळजवळ तेवढाच दहा लाखांसाठी येतो. प्रत्येक नवा श्रोता फुकट मिळतो. केंद्र विकते ती गाणी नव्हेत; कचेरीच्या वाटेवर मोटारीत अडकलेल्या माणसाचे कान ते सराफाला, बांधकाम व्यावसायिकाला आणि शिकवणी वर्गाला विकते. म्हणूनच एकाच शहरातील सारी केंद्रे एकाच सुरात बोलू लागतात. हल्ली मोबाइलवरील संगीताने या कमाईलाही ओहोटी लावली आहे, हे खरे.

या मापात राहुरीचा ऊस वा कांदा पिकवणारा श्रोता बसत नाही. त्याचे कान विकत घेण्यास कोणी सराफ उत्सुक नाही. पण तो श्रोता निरुपयोगी आहे काय? १९५६ साली युनेस्को व पुणे आकाशवाणी यांनी शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. त्यात अहमदनगरसह पाच मराठी जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावे होती. दहा आठवडे, आठवड्यातून दोनदा गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, चर्चा करीत आणि आपले प्रश्न पुण्यास कळवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत येत. त्या मंडळांतून जाहिरातदाराला दमडीही मिळाली नसती. तरी त्यांचे अनुकरण अनेक देशांनी केले.

राहुरीच्या कृषी विद्यापीठासारख्या संस्थांना सामुदायिक केंद्र चालवण्याची मुभा २००६ च्या धोरणाने दिली, हे योग्यच झाले. परंतु अशा केंद्राची प्रक्षेपणशक्ती शंभर वॉटपर्यंत मर्यादित. म्हणजे आवाज जाणार तो दहा-पंधरा किलोमीटर. जाहिरातींची मर्यादा २०२४ मध्ये तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर नेण्यात आली आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांस ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. बाराही मिनिटे सरकारी जाहिरातींनी भरली, तरी तासाचे ५,३२८ रुपये होतात. आणि ती तशी भरणे हे स्वप्नच. मुळेचे आवर्तन कधी सुटणार, बिबट्या कोणत्या शिवारात दिसला, करप्यावर काय फवारावे, हे सांगणाऱ्या केंद्राला पगार कोठून द्यावयाचा?

आमची मागणी स्पष्ट आहे. महानगरातील केंद्रे ज्या ध्वनिलहरींवर नफा कमावतात त्या सार्वजनिक मालमत्ता आहेत, आणि त्यांच्या उत्पन्नातील ४ टक्के वाटा सरकारकडे दरवर्षी जमा होतो. त्या वाट्याचा निश्चित हिस्सा ग्रामीण सामुदायिक केंद्रांच्या चालू खर्चासाठी राखून ठेवावा. यासाठी नवा कर नको, नवे खातेही नको. सामुदायिक केंद्रांना साहाय्य देण्याची केंद्र सरकारची योजना अस्तित्वात आहेच. मात्र तिचा भर यंत्रसामग्रीवर आहे. यंत्र एकदाच घ्यावे लागते, निवेदकाला पगार दरमहा द्यावा लागतो. पुढील अर्थसंकल्पात या योजनेच्या शीर्षाखाली चालू खर्चाची रक्कम दिसते की नाही, याकडे आमचे लक्ष राहील.