पाणी किती वाजता येतं?

गेल्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या वस्तीत पाच मुलं सर्व्हेला आली. एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची दोन वर्षांची पदवी करणारी. खरं सांगते, मला फारसा उत्साह नव्हता. पंधरा वर्षांत कितीजण आले, फॉर्म भरून घेऊन गेले. पुढे काय झालं ते कोणी सांगायला आलं नाही.

मला वाटलं, सगळे डॉक्टरच असणार. चहा टाकता टाकता चौकशी केली, तर एक दातांची डॉक्टर, एक आयुर्वेदाचा, एक नर्स, एक मुलगा माझ्यासारखाच बी.ए. आणि पाचवी नंदुरबारकडची, समाजकार्य शिकलेली. ‘‘बी.ए. करून आरोग्याचं काय शिकणार रे?’’ मी विचारलंच. म्हणाला, ‘‘काकू, औषध आम्ही देत नाही. ते माणसापर्यंत पोचत का नाही, ते शोधतो.’’

विषय होता बीपीच्या गोळ्यांचा. दवाखान्यात त्या फुकट मिळतात, तरी बायका मध्येच सोडून देतात. ‘आळस, दुसरं काय!’ असं आम्ही कार्यकर्त्या म्हणायचो. मीसुद्धा. फॉर्ममध्ये कारणं छापलेली होती : विसरले, त्रास होतो, पैसे नाहीत. बायका कुठलं तरी एक सांगून मोकळ्या होत होत्या. तेवढ्यात नंदुरबारची पोरगी म्हणाली, ‘‘मावशी, तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं?’’

नऊ ते साडेदहा. आणि दवाखान्यात केसपेपर निघतो नऊ ते अकरा. हंडे भरून, वर चढवून, खाली येईपर्यंत खिडकी बंद!

‘‘माझी आईपण पाण्यापायी दवाखाना चुकवायची,’’ ती सहज बोलून गेली. पंधरा वर्षं मी त्या गल्लीतून जाते. मला हे कधी सुचलं नाही, कारण माझ्या गच्चीवर टाकी आहे.

घरचा अनुभव असलेलं माणूस आरोग्याच्या कामात लागतं, हे आपल्याकडच्या जाणत्यांनी फार आधी ओळखलं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात हाच विषय शिकून आले आणि १९७० मध्ये जामखेडला काम सुरू करून त्यांनी पुढे गावातल्याच, अनेकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका केलं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंगही तिथेच शिकले. गडचिरोलीत त्यांनी गावातल्या बाईला घरोघरी जाऊन तान्ह्या बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. त्या ३९ गावांत नवजात बालकांच्या मृत्यूचं प्रमाण, आसपासच्या गावांच्या तुलनेत, ६२ टक्क्यांनी खाली आलं. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं.

आता त्याच गावांतल्या, वस्त्यांतल्या मुली स्वतः पदवीच्या वर्गात येऊन बसताहेत. पण टिकणार कशा? आमची पोरगी सांगत होती, शिष्यवृत्ती वर्ष संपता संपता हातात येते, मेसवाला मात्र दर महिन्याला दारात उभा. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये २०१८ साली अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची फीसवलत काढून घेतली, तेव्हा मुलांना संप करावा लागला होता. बरं, एवढं करून शिकल्यावर नोकरी कुठली, तर बहुतेकदा अकरा महिन्यांच्या कंत्राटाची. डॉक्टर मुलीला निदान दवाखाना थाटता येईल. हिनं काय करायचं? शिष्यवृत्ती वेळेवर द्या, आरोग्य खात्यात या मुलांसाठी कायम जागा काढा, एवढं तरी सरकारनं करायलाच हवं. नाहीतर फॉर्मवरची कारणं पुन्हा गच्चीवर टाकी असलेलेच लिहीत राहतील.

मुलं गेली. जाताना सर्व्हेत काय निघालं ते वस्तीत बसून सांगून गेली, हे मात्र पहिल्यांदाच झालं. आठवड्यातून एक दिवस तरी दुपारी केसपेपर काढा, असा अर्ज गटानं दवाखान्यात दिलाय. ‘बघतो’ म्हणालेत. सोमवारी आम्ही अकराजणी परत जाणार आहोत, पाणी भरून झाल्यावर.